घटक ४ : अर्थक्षेत्र आणि शब्दयोजना – ‘फायर’ या इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –

१. ‘अर्थक्षेत्र’ ही संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
२. ‘फायर’ व ‘बर्न’ या इंग्रजी शब्दांच्या अर्थव्याप्तीची मराठी शब्दांशी तुलना करता येईल.
३. अकर्मक व प्रयोजक क्रियापदांच्या निवडीमुळे कर्ता कसा प्रकट होतो किंवा झाकला जातो, हे सांगता येईल.
४. आपल्या परिसरातील बोलीतून एखाद्या अर्थक्षेत्रातील शब्द गोळा करून त्यांची मांडणी करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींचा परिचय करून घेतला. तेथे आपण एकेका शब्दाचा स्वतंत्रपणे विचार केला होता. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र शब्द एकटा नांदत नाही. त्याच्या शेजारी त्याच विषयाचे दुसरे शब्द असतात आणि प्रत्येकाची हद्द शेजाऱ्याच्या हद्दीवरून ठरते. प्रस्तुत घटकात आपण अशा शेजारी शब्दांचा एक समूह अभ्यासणार आहोत.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष एका विद्यार्थिनीने वेधले. काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात इंग्रजी उताऱ्याचा अनुवाद चालू होता. उतारा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील भातशेतीचा होता. त्यातील ‘बर्निंग’ या शब्दासाठी मी फळ्यावर लिहिले, ‘शेतकरी उन्हाळ्यात राब जाळतात.’ आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातून आलेली, स्वतः भातशेती करणारी एक विद्यार्थिनी संकोचाने उठली आणि म्हणाली, “सर, राब जाळत नाहीत, राब भाजतात. जाळतात तो कचरा.”

कोशाच्या दृष्टीने माझे वाक्य चुकीचे नव्हते. भाषेच्या दृष्टीने मात्र तिचेच बरोबर होते. ‘जाळणे’ आणि ‘भाजणे’ या दोन क्रियापदांत नेमका कोणता भेद आहे आणि तो इंग्रजी ‘बर्न’ या शब्दात का उरत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा या घटकाचा हेतू आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ अर्थक्षेत्र म्हणजे काय?

शब्दाचा अर्थ म्हणजे एखाद्या वस्तूला लावलेली चिठ्ठी, अशी आपली ढोबळ समजूत असते. भाषावैज्ञानिक फेर्दिनां द सोस्यूर यांनी ही समजूत नाकारली. त्यांच्या निधनानंतर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात त्यांनी ‘मूल्य’ ही कल्पना मांडली. शब्दाचे मूल्य त्याच भाषेतील इतर शब्दांशी असलेल्या त्याच्या भेदांतून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढे १९३१ मध्ये योस्ट ट्रिअर या जर्मन अभ्यासकाने जर्मन भाषेतील ज्ञानवाचक शब्दांचा अभ्यास करून अर्थक्षेत्राचा सिद्धान्त विकसित केला.

एका विषयाशी निगडित असलेल्या आणि परस्परांच्या मर्यादा ठरवणाऱ्या शब्दांचा समूह म्हणजे अर्थक्षेत्र होय. शेताच्या बांधाची उपमा येथे उपयोगी पडेल. तेवढ्याच जमिनीत एक कुटुंब दोन वाफे पाडते, तर दुसरे सहा पाडते. जमीन तीच राहते. बांध मात्र वेगळ्या ठिकाणी पडतात. दोन भाषांतील अर्थक्षेत्रांची तुलना करताना कोणत्या भाषेत शब्द अधिक आहेत, एवढेच मोजून भागत नाही. बांध कोठे पडले आहेत, हे पाहावे लागते.

४.२.२ ‘फायर’ आणि मराठीतील नामे

इंग्रजीतील ‘फायर’ हे नाम चुलीतला, यज्ञातला, जंगलातला आणि घराला लागलेला, अशा सर्व प्रकारच्या अग्नीसाठी वापरता येते. मराठीत याच क्षेत्रात अनेक बांध आहेत.

अग्नी : हा तत्सम शब्द आहे. विधी, पावित्र्य आणि शास्त्र यांच्या संदर्भात तो येतो. अग्निसाक्ष विवाह होतो, होमात अग्नी प्रज्वलित करतात, मृताला अग्नी देतात. जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहे. सातवाहन राणीने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची नोंद त्यात आढळते. त्या यज्ञांत अग्न्याधेयाचा उल्लेख आहे. अग्न्याधेय म्हणजे अग्नीची स्थापना. म्हणजे आपल्या परिसरातील लिखित परंपरेत अग्नी हा शब्द प्रारंभीच विधीशी जोडलेला दिसतो.

आग : संस्कृत ‘अग्नि’, प्राकृत ‘अग्गि’ आणि मराठी ‘आग’ असा या तद्भव शब्दाचा प्रवास आहे. मूळ एकच असले, तरी अर्थाची वाटणी झाली आहे. हाताबाहेर गेलेला किंवा नाश करणारा अग्नी म्हणजे आग. गंजीला आग लागते, गोदामाला आग लागते. ‘चितेला अग्नी दिला’ आणि ‘चितेला आग लावली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. घटना एकच असूनही दुसरे वाक्य ऐकणाऱ्याला खटकते, कारण त्यात आदर राहत नाही.

विस्तव : माणसाच्या ताब्यातील, घरगुती उपयोगाचा जिवंत अग्नी म्हणजे विस्तव. काडेपेटी घरोघर पोहोचण्यापूर्वी शेजारच्या चुलीतून विस्तव मागून आणण्याचा प्रघात होता. ‘त्या दोघांतून विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार या पार्श्वभूमीवर नीट उमगतो. ज्यांच्यात विस्तवाची देवघेवही उरली नाही, त्यांचे वैर टोकाला गेले असले पाहिजे. या वाक्प्रचारात ‘विस्तव’ काढून ‘आग’ घातली, तर अर्थच नाहीसा होतो. आग कोणी मागून आणत नाही.

वणवा : रानात पसरणारी आग. संस्कृतात ‘दव’ किंवा ‘दाव’ म्हणजे रानातील आग. ‘वन’ आणि ‘दव’ यांच्या संयोगातून प्राकृताच्या वाटेने वणवा हा शब्द आला. ‘दावानल’ या तत्सम शब्दातही तोच ‘दाव’ आहे. व्युत्पत्तीनुसार ‘रान’ हा अर्थ शब्दाच्या पोटातच असल्यामुळे ‘घराला वणवा लागला’ असे आपण म्हणत नाही.

जाळ, आच, धग, झळ : हे शब्द अग्नीच्या परिणामाशी जोडलेले आहेत. चुलीत जाळ घालतात, भाजी मंद आचेवर शिजवतात, धग जवळ बसल्यावर जाणवते, तर झळ दुरूनही लागते. म्हणूनच ‘महागाईची झळ बसली’ असे म्हणतात. तेथे ‘धग’ हा शब्द तितका सहज येत नाही.

ज्योत, ज्वाला, निखारा, इंगळ, ठिणगी, कोलीत : हे अग्नीचे आकार आणि अवस्था सांगणारे शब्द आहेत. शिवजयंतीला गावोगावची तरुण मंडळी शिवनेरीवरून शिवज्योत घेऊन धावत आपापल्या गावी जातात. हातात मशाल असते. पण ‘ज्योत आणायला गेले’ असे म्हणतात. ‘आग आणायला गेले’ असे कोणी म्हणणार नाही. याच्या उलट माकडाच्या हाती असते ते कोलीत. ज्योत आणि कोलीत या दोहोंत भौतिक फरक थोडा असेल. भावनिक अंतर फार मोठे आहे.

अग्नी विझल्यानंतरही ही वाटणी संपत नाही. चुलीत उरते ती राख, देवापुढची म्हणून कपाळाला लावतो तो अंगारा, शिवाशी जोडले गेलेले ते भस्म, आणि आप्ताच्या चितेतून गोळा करतात ती रक्षा. पदार्थ एकाच जातीचा आहे. त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसाचे नाते मात्र बदलत जाते आणि शब्द ते नाते नोंदवतो.

४.२.३ सहप्रयोग : कोणता शब्द कोणाशी नांदतो?

एखादा शब्द नेहमी कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो, त्या संबंधाला येथे आपण सहप्रयोग म्हणू. शेजारी शब्दांच्या हद्दी तपासण्याचे हे सर्वांत सोपे साधन आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्ये राखीव वनात मनाई असलेल्या कृत्यांची यादी आहे. त्यात अग्नीसंबंधीची कृत्ये वेगवेगळी सांगितली आहेत. वनाला आग लावणे, वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने अग्नी पेटवणे किंवा तो जळता सोडून जाणे, आणि ठरवून दिलेल्या हंगामाव्यतिरिक्त अग्नी पेटवणे, बाळगणे अथवा नेणे ही ती कृत्ये होत. मूळ इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘फायर’ हे एकच नाम आहे. भेद दाखवण्याचे काम क्रियापदांनी केले आहे.

आता हा मजकूर बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत लिहून पाहावा. ‘आग लावणे’ सहज येते. परंतु ‘आग बाळगणे’ किंवा ‘आग नेणे’ लिहिताना लेखणी अडखळते. तेथे ‘विस्तव बाळगणे’, ‘विस्तव नेणे’ असेच लिहावे लागते. इंग्रजीने क्रियापदात घातलेला बांध मराठीने नामातही घातला आहे. रानातून चालताना ज्याच्या हाती पेटती विडी आहे, त्याच्याजवळ विस्तव आहे. त्याने आग लावलेली नाही. अनुवादकाने दोन्ही ठिकाणी ‘आग’ लिहिले, तर वाचणाऱ्या गावकऱ्याला स्वतःकडून नेमके काय अपेक्षित आहे, तेच कळणार नाही.

काही इंग्रजी प्रयोगांत तर ‘फायर’चा अग्नीशी असलेला संबंध दूर गेलेला असतो. ‘ओपन फायर’ म्हणजे गोळीबार सुरू करणे. ‘आग उघडणे’ नव्हे. नोकरीच्या संदर्भात ‘फायर करणे’ म्हणजे कामावरून काढून टाकणे. ‘फायर इन द बेली’ म्हणजे जिद्द. मराठीत ‘पोटात आग पडणे’ म्हणजे कडाडून भूक लागणे. उलट ‘विस्तवाशी खेळ’ हा प्रयोग दोन्ही भाषांत जुळतो. इंग्रजी माणूस तव्यातून आगीत पडतो, तर मराठी माणूस आगीतून फुफाट्यात पडतो. अनुवाद करताना शब्द जुळवायचा की प्रसंग, याचा निर्णय अशा ठिकाणी घ्यावा लागतो.

शासकीय मराठीत ‘फायर ब्रिगेड’ला ‘अग्निशमन दल’ म्हणतात. संकटाच्या वेळी मात्र लोक ‘बंब बोलवा’ असेच ओरडतात. पंप या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’पासून आलेला हा ‘बंब’ आज पूर्णपणे मराठी झाला आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – १

कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
१. वडिलांच्या चितेला थोरल्या मुलाने ……… दिला. (विस्तव, अग्नी, जाळ)
२. आजी शेजारणीकडून वाटीभर ……… घेऊन आली. (विस्तव, वणवा, आग)
३. पिठले मंद ……… शिजू द्यावे. (आगीवर, आचेवर, झळीवर)
४. दुष्काळाची ……… लहान शेतकऱ्याला आधी लागते. (ज्योत, झळ, ठिणगी)

४.२.४ ‘बर्न’ आणि मराठीतील क्रियापदे : कर्ता कोण?

इंग्रजीत ‘घर जळले’ आणि ‘त्याने घर जाळले’ या दोन्ही वाक्यांत ‘बर्न’ हेच क्रियापद वापरता येते. मराठीत अकर्मक आणि प्रयोजक रूपे सहसा वेगळी असतात : जळणे–जाळणे, पेटणे–पेटवणे, विझणे–विझवणे, भडकणे–भडकवणे. ‘आग लागणे’ आणि ‘आग लावणे’ या जोडीतही हाच भेद आहे. पहिल्या रूपात घटना आपोआप घडल्यासारखी दिसते. दुसऱ्या रूपात कोणीतरी ती घडवली आहे, हे क्रियापदच सांगते. कर्त्याचे नाव वाक्यात नसले तरीही.

या भेदाचे महत्त्व व्याकरणापुरते नाही. उन्हाळ्यात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगर जळताना दिसतात आणि दुसऱ्या दिवशी आपण वाचतो, ‘डोंगराला वणवा लागला.’ आपल्याकडील वणव्यांपैकी बहुतेक माणसाच्या हातून सुरू होतात. कोणी पुढील वर्षी गवत चांगले येईल या समजुतीने डोंगर पेटवतो, कोणाची विडी पडते, कोणाचा बांध पेटवताना विस्तव सुटतो. परंतु ‘लागला’ हे क्रियापद वणव्याला पावसाच्या आणि थंडीच्या रांगेत नेऊन बसवते. जे आपोआप लागते, त्याचा जाब कोणाला विचारायचा? हिरड्याची झाडे होरपळली, तर त्या झाडांवर ज्यांचे वर्षाचे चार पैसे अवलंबून असतात अशा आदिवासी कुटुंबांचे नुकसान होते. ते कोणी केले, हा प्रश्न वाक्यातूनच गळून गेलेला असतो.

त्याच रानात वनखात्याची ‘जाळरेषा’ असते. वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा केलेला असतो. येथे शब्द ‘जळ-’ नसून ‘जाळ-’ आहे, हे लक्षात घ्यावे. कोणीतरी ठरवून, वेळ पाहून जाळले आहे, हे शब्दच सांगतो.

साखर कारखान्यांच्या परिसरात ‘जळीत ऊस’ हा शब्द रूढ आहे. तारांच्या घर्षणाने पेटलेला ऊस आणि तोडणी सोपी व्हावी म्हणून मुद्दाम पेटवलेला ऊस, हे दोन्ही ‘जळीत’च. ‘जळीत’ हे विशेषण परिणाम सांगते, कारण सांगत नाही. जळीत उसाला कमी भाव मिळाला की शेतकरी पोटतिडकीने म्हणतो, “माझा ऊस जळाला, मी जाळला नाही.” भाषेतील हा भेद त्याच्या पदरी पडणाऱ्या पैशांपर्यंत पोहोचतो.

याहून गंभीर उदाहरण भाजलेल्या स्त्रीच्या जबाबाचे आहे. मृत्यूपूर्वी दिलेला असा जबाब न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतो. पूर्वी ही तरतूद भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ३२ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. ‘मी भाजले’, ‘मी जाळून घेतले’ आणि ‘मला जाळले’ या तीन वाक्यांतून अपघात, आत्महत्या आणि खून असे तीन निरनिराळे निष्कर्ष निघू शकतात. जबाब लिहून घेणाऱ्याने स्वतःच्या सवयीने क्रियापद बदलले, तर ती काय म्हणाली होती हे पुन्हा विचारण्याची संधी कदाचित मिळणारही नाही. आपल्यापैकी काही जण पोलीस ठाण्यात, रुग्णालयात किंवा ग्रामपंचायतीत काम करीत असतील. त्यांनी बोलणाऱ्याचे क्रियापद जसेच्या तसे टिपण्याची शिस्त बाळगावी, असे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

क्रियापदाच्या निवडीत भीती आणि श्रद्धाही असतात. देवापुढचा दिवा ‘विझला’ म्हणणे अशुभ वाटते, म्हणून तो ‘शांत झाला’ असे म्हणतात. आपण स्वतः दिवा बंद करतो तेव्हा तो ‘मालवतो’. आग मात्र कोणी मालवत नाही. ती विझवावीच लागते.

४.२.५ ‘भाजणे’ : जेथे मराठीचा वाफा मोठा आहे

आतापर्यंतच्या विवेचनावरून मराठीतच भेद अधिक आहेत, असा समज होण्याचा संभव आहे. तो योग्य नाही. इंग्रजीतही धुमसणे, वरवर करपणे, कोळसा होणे, गरम पाण्याने पोळणे यांसाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत. ‘भाजणे’ या क्रियापदाच्या बाबतीत तर इंग्रजीचे बांध अधिक आणि मराठीचा वाफा मोठा आहे. पाव भट्टीत भाजणे म्हणजे ‘बेक’, शेंगदाणे भाजणे म्हणजे ‘रोस्ट’, पावाचा काप भाजणे म्हणजे ‘टोस्ट’, वीट किंवा मडके भाजणे म्हणजे ‘फायर’ आणि हात भाजणे म्हणजे ‘बर्न’. मराठीत या सर्वांसाठी ‘भाजणे’ हे एकच क्रियापद पुरते. संस्कृत ‘भृज्ज्’ या धातूशी त्याचे नाते आहे.

एवढ्या निरनिराळ्या कृतींना बांधणारे सूत्र कोणते? हात भाजण्यासारखा अपघात सोडला, तर ‘भाजणे’ या क्रियेत तीन गोष्टी आढळतात. पहिली, उष्णता माणसाच्या ताब्यात असते. दुसरी, ती ठरावीक वेळेपर्यंतच दिली जाते. तिसरी, क्रियेच्या शेवटी वस्तू नष्ट न होता उपयोगास योग्य होते. भाकरी भाजल्यावर खाण्याजोगी होते, वीट भाजल्यावर बांधकामाजोगी होते. जेथे या मर्यादेचे भान सुटते, तेथे भाकरी ‘करपते’ किंवा ‘जळते’. ‘जाळणे’ या क्रियेच्या शेवटी मात्र वस्तू उरत नाही. उरते ती राख.

आता राबाकडे वळू. घाटमाथ्याच्या पावसाळी पट्ट्यात भाताचे रोप तयार करण्यासाठी जमिनीचा एक तुकडा राखून ठेवतात. त्यावर शेण, पालापाचोळा, झाडांचा टहाळ, गवत आणि वरून मातीचा थर पसरतात. पावसाळ्यापूर्वी, वारा पडलेला असताना, तो थर पेटवून सावकाश धुमसू देतात. त्यामुळे तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेतील क्षार रोपाला मिळतात. पाऊस सुरू झाला की त्या जागेत भात पेरतात आणि रोप हाताशी आले की खाचरात त्याची लावणी करतात. ‘राब’ हा शब्द मोल्सवर्थ यांच्या कोशातही नोंदला गेला आहे. या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे.

वर सांगितलेली तिन्ही लक्षणे येथे लागू पडतात. अग्नी ताब्यात असतो, वेळ ठरलेली असते आणि शेवटी जमीन पेरण्याजोगी होते. म्हणून बोलीने राबाला भाकरीच्या आणि विटेच्या पंक्तीत बसवले, कचऱ्याच्या नव्हे. त्या विद्यार्थिनीच्या एका वाक्यामागे ही संपूर्ण व्यवस्था उभी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारने वनांवरील नियंत्रण वाढवले, तेव्हा राबासाठी लागणारा टहाळ आणि पाला हा वादाचा विषय झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब हा त्या चौकशीतील एक प्रमुख प्रश्न होता. वनरक्षणाच्या चौकटीत पाहिले की अग्नी म्हणजे ‘बर्निंग’, आणि ‘बर्निंग’ म्हणजे नाश, असे समीकरण सहज तयार होते. शेतकऱ्याच्या क्रियापदातला पेरणीचा अर्थ त्या समीकरणात कोठेच बसत नाही. वाद केवळ शब्दांमुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यात महसूल होता, मालकी होती, सत्ता होती. परंतु दोन्ही बाजू एकाच कृतीसाठी दोन निरनिराळ्या अर्थक्षेत्रांतले शब्द वापरत होत्या, एवढे निश्चित म्हणता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘भाजणे’ म्हटल्याने कृती निर्दोष ठरत नाही. टहाळासाठी झाडे ओरबाडली जातात, राबाचा विस्तव सुटला तर त्याचा वणवा होतो, आणि म्हणूनच कृषी खाते राब न भाजता गादीवाफ्यावर रोप तयार करण्याचा सल्ला देते. १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरात तर ही काळजी अधिकच महत्त्वाची ठरते. शब्द आपल्याला निर्णय हाती देत नाही. तो योग्य प्रश्न विचारण्याची सोय करून देतो. ‘राब भाजताना विस्तव का सुटला?’ हा प्रश्न शेतकऱ्यासोबत बसून विचारता येतो. ‘तुम्ही जंगल का जाळता?’ या प्रश्नावर संवाद बंद होतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – २

पुढील विधाने चूक की बरोबर ते सांगा.
१. ‘डोंगराला वणवा लागला’ या वाक्यात कर्ता सूचित होतो.
२. इंग्रजी ‘बर्न’ हे क्रियापद अकर्मक आणि सकर्मक अशा दोन्ही प्रकारे वापरता येते.
३. ‘भाजणे’ या क्रियेत वस्तू सामान्यतः उपयोगास योग्य होते.
४. ‘जळीत’ या विशेषणावरून आगीचे कारण समजते.

४.३ सारांश

शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांनी मर्यादित केलेला असतो. अशा परस्परसंबद्ध शब्दांच्या समूहाला अर्थक्षेत्र म्हणतात. इंग्रजी ‘फायर’च्या जागी मराठीत अग्नी, आग, विस्तव, वणवा, जाळ इत्यादी नामे असून पावित्र्य, नियंत्रण, स्थळ आणि अवस्था या निकषांवर ती विभागली गेली आहेत. सहप्रयोगांवरून त्यांच्या हद्दी तपासता येतात. मराठी क्रियापदांच्या अकर्मक–प्रयोजक जोड्यांमुळे कर्ता दाखवता येतो, तसाच झाकताही येतो. वणवा, जळीत ऊस आणि जबाब या उदाहरणांत त्याचे परिणाम दिसतात. ‘भाजणे’ या क्रियापदाच्या अभ्यासातून असे दिसते, की एखाद्या समाजाची कृती समजून घेण्यासाठी त्या समाजाने तिला दिलेला शब्द प्रथम समजून घ्यावा लागतो. तो शब्द कोशात मिळेलच असे नाही. तो आपल्या घरात, शेतावर आणि बाजारात असतो. प्रौढ विद्यार्थी म्हणून आपणांजवळ असलेले हे ज्ञान अभ्यासाचे साधन आहे, हे विसरू नये.

४.४ पारिभाषिक शब्द

अर्थक्षेत्र : एका विषयाशी निगडित आणि एकमेकांच्या अर्थाची मर्यादा ठरवणाऱ्या शब्दांचा समूह.
मूल्य : भाषेतील इतर शब्दांशी असलेल्या भेदांतून शब्दाला प्राप्त होणारे स्थान.
सहप्रयोग : दोन किंवा अधिक शब्दांचे नेहमी एकत्र येणे.
प्रयोजक क्रियापद : कोणीतरी क्रिया घडवून आणतो, असे दर्शवणारे क्रियापद. उदा. जाळणे, पेटवणे.
तद्भव : संस्कृतातून प्राकृताच्या मार्गाने रूप बदलून आलेला शब्द. उदा. आग.

४.५ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) अग्नी (२) विस्तव (३) आचेवर (४) झळ
प्रश्न २ : (१) चूक (२) बरोबर (३) बरोबर (४) चूक

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘इंग्रजी फायर या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द देता येत नाही’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. ‘जळणे’, ‘जाळणे’ आणि ‘भाजणे’ या क्रियापदांतील अर्थभेद स्पष्ट करा.
३. टिपा लिहा : (अ) सहप्रयोग (आ) राख, अंगारा, भस्म आणि रक्षा.

४.७ उपक्रम

१. आपल्या घरातील किंवा गावातील दोन वयस्क व्यक्तींशी बोलून चूल, भट्टी, शेकोटी, होळी आणि शेती यांसंबंधीचे अग्निवाचक शब्द गोळा करा. प्रत्येक शब्द त्यांनी उच्चारलेल्या पूर्ण वाक्यासह लिहा. वाक्य सुधारू नका.
२. एका आठवड्यातील मराठी वर्तमानपत्रांतून आगीच्या पाच बातम्या निवडा. त्यांतील क्रियापदे अधोरेखित करून कर्ता कोठे दिसतो आणि कोठे झाकला जातो, याची नोंद करा. त्यांपैकी एक बातमी कर्ता किंवा कारण स्पष्ट होईल अशा रीतीने पुन्हा लिहा. मूळ बातमीत नसलेली माहिती मात्र घालू नका.